तिन्ही पाट्या भिंतीकडे

ब्लॅक रॅम पब, थॉर्नक्लफ
सोमवार, १९ ऑक्टोबर १९८१

प्रिय नेव्हिल,

अनेक आशीर्वाद. तू मागितले नसलेस तरी मोठी बहीण आहे, देणारच. ग्लेनिस आणि मुली मजेत असतील. इकडे सगळं ठीक आहे. पाऊस आहे, पण तो कधी नसतो? जुन्या गिरणीत आता गालिच्यांचं दुकान निघणार म्हणतात. मिसेस अ‍ॅक्रॉइडच्या गुडघ्याने पुन्हा उचल खाल्ली आहे. आपला कुत्रा चर्चमध्ये शिरला आणि पाद्रीबाबांचा मोजा घेऊन आला. बाबा ठणठणीत आहेत.

हे शेवटचं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा करून आले. खोटं नाही ते. गेल्या आठवड्यात या वयात त्यांनी बिअरचं भरलेलं पिंप एकट्याने घडवंचीवर चढवलं. मी ओरडले तर म्हणाले, "पिंप उचललंय, तुला नाही. तुला उचललं असतं तर मोडलो असतो." तेव्हा तब्येतीला काही झालेलं नाही. पण नमनाला घडाभर तेल झालं, आता सांगते. फोनवर सांगता आलं नसतं. फोन बारच्या मागे आणि बाबांचे कान अजून शाबूत आहेत.

नाक गेलंय त्यांचं.

मार्चमधल्या फ्लूनंतर गेलं ते आलंच नाही. आधी मलाही कळलं नाही. मग एकदा स्वयंपाकघरात लापशी करपून धूर झालेला आणि हे शेजारी बसून पेपर वाचतायत. एकदा नासलेल्या दुधाचा चहा घोट घोट प्यायले, वर म्हणाले, छान झालाय. आपले डॉक्टर शुक्रवारी बिअरचा पाइंट प्यायला येतात, त्यांना मी आडून आडून विचारलं. म्हणाले, इतके महिने झाले, आता परत येईल असं वाटत नाही.

दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर मी हसले असते. पण बाबांचं नाक म्हणजे ब्लॅक रॅम. तुला काय सांगायचं, तू त्या तळघरातच वाढलास. पिंप आलं की त्याला स्वस्थ निजू द्यायचं, वर मऊ खुंटी ठोकून त्याचा वायू जाऊ द्यायचा, गाळ खाली बसू द्यायचा. हे सगळं बाबा अजून करतात. खुंटीचा फुसफुसाट थांबला की त्यांना कानाने कळतं. बिअर नितळली की डोळ्याने कळतं. पण एकदा तोटी लावली, काउंटरवरच्या हातपंपाने बिअर ओढायला लागलो, की आत हवा शिरते आणि तीन-चार दिवसांत ती उतरायला लागते. नक्की कधी, ते नाकाशिवाय कुणाला कळणार? जिवंत आहे ती. दुधासारखी नासते, आणि नासली तरी काचेसारखी चकचकीत दिसते.

म्हणजे मेपासून आपल्याकडे अधूनमधून व्हिनेगर विकलं जात होतं.

मी बोलले नाही असं समजू नकोस. "बाबा, हे बिटर बिअरचं पिंप काढूया का आता?" म्हटलं, तर म्हणाले, "नाक माझं की तुझं? दिवसभर सिगारेटी फुंकतेस आणि मला शिकवतेस?" मग मी क्लॅरेन्सला गाठलं. म्हटलं, तुम्ही त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, तुम्ही सांगा. तो म्हणाला, "ऑड्री, एनॉकला मी काय वाट्टेल ते सांगीन. त्याचं घर जळतंय म्हणून सांगीन. हे नाही सांगणार." आणि मग सगळी रोजची मंडळी मूग गिळून बसली. आंबलेली बिअर निमूटपणे प्यायची, नाही प्यायवली तर पियानोजवळच्या कुंडीत ओतायची. त्या नेच्याचं झाड तुला आठवत असेल. विसर आता त्याला.

मला त्यांचा राग येत होता आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं.

परवा शनिवारी दुपारी डोंगरांत भटकणारी एक मुलगी आली, पाठीवर बोजा, बुटांना चिखल. पाइंट घेतला, एक घोट प्यायली, आणि गुपचूप काउंटरशी परत आली. "माफ करा हं, पण ही आंबलीय." आवाजात उद्धटपणा नव्हता. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे, गिऱ्हाईक खराब म्हणालं की खराब, वाद घालायचा नाही, दुसरा पाइंट द्यायचा. आयुष्यात कधी त्यांनी तो मोडला नाही. परवा मोडला. ग्लास खिडकीशी धरला, म्हणाले, "आरपार दिसतंय, पोरी." आणि सगळ्यांसमोर तो गटागटा प्यायला लागले. मी मटणाची पाई बनवत होते, हात पिठात, तशीच दारात उभी राहिले.

क्लॅरेन्स उठला. "अरे, झकास आहे बिअर! आजकालच्या पोरांना काय कळतंय?" आपला ग्लास उचलून त्याने तळ गाठला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणाल्या, "मला तर बाई आवडली." मग आयर्विन. आपला आयर्विन, जो राणीच्या राज्याभिषेकापासून रोज या बिअरला नावं ठेवत आलाय, कधी गार, कधी कोमट, कधी पातळ. तो म्हणाला, "उत्तम."

बाबांनी ग्लास खाली ठेवला. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. या तिघांचं बिअरवर कधी, कधी म्हणून एकमत झालेलं तू पाहिलंयस?

"काय रे आयर्विन," बाबा म्हणाले, "आज काही नावं नाही ठेवायची?"

"नाही," आयर्विन म्हणाला, खाली मान घालून.

तेवढ्याने कळलं त्यांना. मी त्यांचा चेहरा पाहिला, नेव्हिल, आणि देवा शपथ सांगते, पुन्हा पाहायचा नाही मला. त्यांनी त्या मुलीला बाटलीतला सफरचंदाचा रस दिला आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे, पोरी. मला माफ कर." मग हातपंपांवरच्या बिअरच्या नावांच्या पाट्या एकेक करून मागे वळवल्या, म्हणजे विक्री बंद. बिटरची, माइल्डची, आणि जी चांगली होती तीसुद्धा. शनिवारच्या भर दुपारी ब्लॅक रॅममध्ये तिन्ही पाट्या भिंतीकडे तोंड करून! युद्धातही असं झालं नव्हतं. जाता जाता आयर्विनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तरी सांगायचं होतंस. तुझ्यावर भरवसा होता माझा." आयर्विन टोपी विसरून घरी गेला.

आज न्याहारीला म्हणाले, "नेव्हिलच्या कंपनीचा नंबर काढ."

तुझं नाव, त्यांच्या तोंडून! तू त्या गॅसवाल्या बिअरच्या कंपनीत नोकरी धरल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. नेहमी 'तो', 'तो गॅसवाला', फार तर 'तुझा भाऊ'. मला इतका आनंद झाला की हातातली बशी पडली. म्हटलं, बाबा, बोलावताय त्याला? तर म्हणाले, "माल मागवतोय. ती गॅसवाली बिअर. मेलेली असते, तिला नासायची भीती नाही. पिंपाला नळी जोडली, नळ फिरवला, झालं. नाक लागत नाही, कान लागत नाही. माकडसुद्धा विकेल." आणि मग टोस्टला लोणी लावत राहिले, लावत राहिले, टोस्ट फाटेपर्यंत. बुधवारची ब्रुअरीची गाडी त्यांनी नको म्हणून कळवलीय. गुरुवारी तुला फोन करणार आहेत.

ज्या बिअरवरून त्यांनी तुला "माझ्या तळघरात पाय ठेवायचा नाही" म्हटलं, तीच मागायला. तुझ्याकडे. मला वाटतं, त्यांना वाटतंय की निदान यातून तुझं भलं होईल.

आता खरं ते लिहिते, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. मला ते तळघर हवंय.

हस, हसायचं तर. पाई भाजते, ग्लास धुते, पिणाऱ्यांना घरी धाडते, सगळं करते, पण तोटी कधी लावू दिली नाही मला. तुझं नाक लहानपणापासून वाखाणलं गेलं, माझं कुणी विचारलंच नाही. पण मेमधलं ते पहिलं बिघडलेलं पिंप, क्लॅरेन्सने तोंड वाकडं केलं त्याच्या दोन दिवस आधी मला कळलं होतं. सिगारेट ओढत असताना कळलं! शनिवारपासून तीही सोडलीय. सगळ्यांवर खेकसतेय, कुत्रा माझ्या वाऱ्याला उभा राहत नाही. बाबांना आज म्हटलं, मला शिकवा, तुमच्या कानाला आणि डोळ्याला माझं नाक जोडा. म्हणाले, "तुझं नाक खरं की खोटं, ते मी आता कशावरून ठरवू?" आणि ते बरोबरच आहे रे. त्यांना नाही ठरवता येणार. त्यांनी आजवर एकाच नाकावर विश्वास ठेवला, स्वतःचं सोडून, आणि त्या नाकाचा मालक लीड्समध्ये गॅसच्या नळ्या विकतो.

म्हणून लिहितेय. ये तू. माझ्यासमोर चार ग्लास ठेव, चांगले-वाईट, उलटसुलट, माझी परीक्षा घे, बाबांच्या देखत. मी नापास झाले तर तुझा नळ मी स्वतः काउंटरला जोडीन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. पण झाले पास, तर तेवढं त्यांना सांग. तुझं ते मानतील. शिव्या देतील, पण मानतील.

आणि गुरुवारी फोन येईल. मला ठाऊक आहे, इतकी वर्षं तू त्याच फोनची वाट बघतोयस. त्यांचा आवाज ऐकलास की तू हो म्हणशील, ते मागतील ते देशील, मीही दिलं असतं. तरी तुझे पाय धरून सांगते, नाही म्हण. बाबांना नाही म्हण, फोन ठेव, आणि गाडीत बस.

तुझी वाट पाहणारी,
ऑड्री