आधीची दुखापत

अल अमेरात, मस्कत
शुक्रवार, २४ फेब्रुवारी २०१७

प्रिय शेरॉन,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. आईचा दमा, तुझी शाळा, संध्याकाळी चर्चमागच्या ग्राउंडवर मुलींना बास्केटबॉल शिकवणं, सगळं नीट चाललं असेल. आम्ही तिघं मजेत आहोत असं लिहायला हात गेला होता. ते पुढे बघू.

ऑगस्टीनच्या हॉटेलातला स्टॅन्ली रविवारी सुट्टीवर वसईला येतोय. त्याच्याबरोबर हे पत्र, खजुराचे दोन डबे आणि आईची शाल पाठवतेय. फोनवर लिहिता आलं असतं. पण फोनवर आपण दोघी इतकी वर्षं सणाला 'हॅपी फीस्ट' आणि 'हॅपी बर्थडे' एवढंच लिहीत आलो आहोत. त्याच्याखाली हे लिहायला बरं वाटेना.

इथली हवा अजून चांगली आहे. पुढच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतोय, कपाळाला राख लावून घ्यायला रुवीच्या चर्चला जायचंय, रजा टाकलीय. पापनिवेदन मात्र अजून केलेलं नाही.

रेवाच्या मॅचचं तू आईकडून ऐकलं असशील. आईला मी जेवढं सांगितलं तेवढंच.

मॅच तीन तारखेला झाली. ओमानमधल्या शाळांतून बारावीच्या निवडक चोवीस मुली घेऊन दोन संघ केले होते, लाल आणि पांढरा. ऑल-स्टार मॅच म्हणतात. कोण जिंकलं याला त्यात फारसा अर्थ नसतो. बघायला कॉलेजांचे कोच येतात, ते वहीत कुणाचं नाव लिहितात याला अर्थ असतो. या वर्षी पाच जण आले होते. रेवाचं लक्ष पुण्याच्या सुगंधा मॅडमवर. त्यांच्या कॉलेजात बाहेरच्या देशातून येणाऱ्या मुलीसाठी एकच जागा, फी आणि होस्टेल कॉलेजचं. मॅचच्या आधीच त्या ऑगस्टीनला म्हणाल्या होत्या, "जागा रेवाचीच धरून चाला. मला फक्त एकदा तिला तोडीस तोड मुलींसमोर बघायचंय."

पहिला अर्धा वेळ ती छान खेळली. छान म्हणजे काय ते तुला कळलं असतं, मला फक्त चेंडू आत गेला की कळतं. माझ्या शेजारी सलालाहहून आलेली नूरबानू बसली होती, तिची सफिया पांढऱ्या संघात. "आपकी लड़की के पैरों में स्प्रिंग लगी है क्या?" ती म्हणाली. मी हसले. पायांचा विषय मला नको होता.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये रेवाने चेंडू घेतला, उडी मारली आणि खाली आली. कुणी धक्का दिला नाही. जवळ कुणी नव्हतंच. डावा गुडघा आत वळला आणि ती खाली बसली, लहान मुलं चालून कंटाळली की बसतात तशी. रेफ्रीने शिट्टीही लगेच वाजवली नाही, कारण वाजवण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

मी उठले नाही. हे मुद्दाम लिहितेय. ऑगस्टीन धावला, नूरबानू धावली, मी पर्स मांडीवर धरून बसून होते. डोक्यात एवढंच की डावाच.

लिगामेंट तुटलंय. बोर्डाची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये ऑपरेशन, मग आठ-नऊ महिने काही नाही. आईला एवढंच माहीत आहे.

आता डावाच असं का, ते.

ख्रिसमसच्या आठवडाभर आधी रेवा आमच्या बिल्डिंगचा जिना उतरताना मध्येच थांबली. "मम्मा, माझा लेफ्ट नी कधीकधी निघून जातो," म्हणाली. तिचं मराठी असंच आहे.

"दुखतो का?"

"दुखत नाही. जातो आणि येतो."

मी कुठे काम करते ते तुला माहीत आहे. तेरा वर्षं क्लिनिकच्या रेकॉर्ड विभागात आहे. हाडांचे डॉक्टर माझ्या टेबलापासून चौथ्या दारात बसतात. मी तिला नेलं नाही. नेलं असतं तर त्यांनी तपासलं असतं, तपासलं असतं तर फाईल झाली असती, आणि फाईलमध्ये एकदा लिहिलेलं निघत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी तिला इलॅस्टिकचा पट्टा आणून दिला. काळा घेतला, लांबून मोज्यासारखा दिसावा म्हणून.

जानेवारीत मॅचसाठी पालकांचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, आधीची दुखापत. मी 'नाही' लिहून सही केली. पेन अडलं नाही. नंतर मी तो फॉर्म पुन्हा पाहिला, अक्षर नेहमीसारखंच आहे.

असं का केलं याची कारणं मी माझ्या रोजच्या वहीत लिहून पाहिली. बरीच लिहिली, बरीच खोडली. एक राहिलं, त्यात तू आहेस.

ब्याण्णवच्या जूनमध्ये अंधेरीच्या कॉलेजची तुझी निवड चाचणी होती. तुझा खांदा निखळायचा आणि तू विहिरीच्या कठड्याला टेकून तो स्वतःच बसवायचीस. मी एकदा पाहिलं होतं. चाचणीच्या आदल्या दिवशी जेवताना मी पप्पांना सांगितलं. पप्पांनी तुझे बूट उचलून माळ्यावर टाकले. तू रडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "इरीन, तुला विचारलं होतं कुणी?"

मी काळजीने सांगितलं, असं मी पंचवीस वर्षं म्हणत आले आहे. काळजी होतीच. पण मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि घरात माझ्या मार्कांबद्दल कुणी बोलत नसे, सगळे तुझ्या खेळाबद्दल बोलत. तेही होतं. कुठलं किती होतं ते मला अजून वेगळं करता येत नाही.

म्हणून या वेळी मुलीच्या आड यायचं नाही असं ठरवलं. आणि या वेळी तर मला विचारलं होतं, शेरॉन. कागदावर, उत्तराला जागा सोडून विचारलं होतं.

गेल्या आठवड्यात सुगंधा मॅडमचा मेल आला. दुखापत त्या मॅचमध्येच झाली असेल तर कॉलेज जागा वर्षभर राखून ठेवेल. आधीपासूनचा त्रास असेल तर नियमात बसत नाही. पालकांनी एका ओळीत लिहून कळवावं.

ऑगस्टीन कामावर जायला बूट घालत होता. "त्यात काय? फॉर्मवर लिहिलंयस तेच लिही. खलास."

"ते खोटं आहे."

"मग जानेवारीत काय होतं?"

नाडी बांधत तो पुढे म्हणाला, "इरीन, तू खरं बोलतेस आणि घरात दुसऱ्याचंच काहीतरी जातं. तुझ्या बहिणीचं ऐकलंय मी." तो ओरडून बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

रेवा खुर्चीवर पाय ठेवून फिजिक्स वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मा, प्लीज. मॅमला फक्त नो पाहिजे."

मंगळवारी क्लिनिकमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमना लिहिलं. डिसेंबर, जिना, काळा पट्टा, सगळं. मुलीने मला सांगितलं होतं, लपवलं मी, हेही लिहिलं. हे तिच्या भल्यासाठी लिहिलं की मला पुन्हा एकदा खोटी सही करायची भीती वाटली म्हणून, ते विचारू नकोस. मी स्वतःला विचारून थकले.

संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर आलं. स्पष्टपणे कळवल्याबद्दल आभार. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला देत आहोत, रेवाने बरी झाल्यावर इतरांप्रमाणे पुढच्या वर्षी चाचणी द्यावी. पुढची मुलगी सफिया. नूरबानूचा फोन आला, "दीदी, समझ नहीं आता खुश होऊँ कि क्या करूँ." मी म्हटलं, खुश हो जाओ.

रेवाला मी स्वतःच सांगितलं. तिने पुस्तक मिटलं.

"मॅमनी विचारलं होतं म्हणून सांगितलंस?"

"हो."

"फॉर्मवर पण विचारलं होतं. तेव्हा सांगितलं असतंस तर मी खेळलेच नसते. माझा पाय राहिला असता."

इतकं सरळ मराठी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. त्यानंतर बोललेलीच नाही. पाणी हवं असेल तर बाबाला इंग्रजीत सांगते, ऑगस्टीन मला सांगतो, मी देते.

मला काही वाटत नाही, शेरॉन. कामावर जाते, फायली लावते, घरी येताना घाटाच्या वळणावर गाडीतून खाली अमेरातचे दिवे दिसतात. आता रडायला हरकत नाही, असं मी रोज तिथे मनात म्हणते. काही होत नाही. मग घर येतं आणि मी भाजी चिरायला घेते.

हे पत्र माफीसाठी नाही. ती मागायची वेळ ब्याण्णवच्या जूनमध्ये होती. माझं एक काम आहे. रेवाला फोन कर. बूट माळ्यावर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं, हे आपल्या घरात तुलाच माहीत आहे. तू पुन्हा ग्राउंडवर कधी गेलीस, पहिल्या दिवशी काय झालं, ते तिला सांग. आम्हाला कुणालाच तू ते कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. माझा विषय निघाला तर सांभाळून बोलू नकोस. काय बोललात ते मी दोघींनाही विचारणार नाही.

परीक्षेच्या अभ्यासासाठी तिला शाळेतून सुट्टी आहे. ऑगस्टीन दुपारी तीनला ड्यूटीवर जातो. मी सहाच्या आत येत नाही, तुमच्याकडे तेव्हा साडेसात झालेले असतात. मधला सगळा वेळ ती घरात एकटी असते.

तुझी,
इरीन