जनुकांच्या शिबिरात घुसवलेलं स्थळ

देऊळगाव राजा,
रविवार, जेवणं झाल्यावर

थोर मेव्हणे वामनरावभाऊ यांच्या सेवेशी,

तुळशीरामचा खामगावच्या दिशेने वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? साखर ताब्यात असेल तरच पुढचं वाचा, नसेल तर आधी गोळी घ्या. उगाच माझ्या नावावर यायला नको. वहिनींना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही, पोरगी आईशी बोलत नाही, आणि कार्यालयाचा आचारी कुणाशीच बोलत नाही. या सगळ्याला जबाबदार तुम्ही आहात. मोठे मेव्हणे म्हणून मान राखून लिहितो, पण लिहितो.

आमची डिंपल अकोल्याला तुरीच्या मर रोगावर संशोधन करते. (तुम्ही साऱ्या खामगावात ‘शेतीचं काहीबाही शिकते’ असं सांगता, तेही माझ्या कानावर आलंय.) आता हे काम शेतात कमी आणि कॉम्प्युटरवर जास्त चालतं. तुरीच्या पेशीत जी जनुकं असतात त्यांची लाखो अक्षरं कॉम्प्युटरात घालायची आणि कोणतं जनुक कोणाला चालू-बंद करतो ते हुडकायचं, याला जैवमाहितीशास्त्र म्हणतात. सगळ्यांचं मिळून जे जाळं होतं ते पाहायचं, ते प्रणाली-जीवशास्त्र. पहिलं माझ्या डोक्यात शिरायला आठवडा गेला, दुसरं मात्र लगेच कळलं. बंगळूरहून शिकवायला आलेल्या मॅडमनी पडद्यावर ठिपके काढले, रेघांनी जोडले, आणि म्हणाल्या, यातला एक ठिपका काढला तर काय काय बंद पडतं ते बघा. मी लग्नाचं कार्यालय चालवणारा माणूस. नवरीचा एक मामा रुसला की मांडवात काय काय बंद पडतं ते मला पडद्यावर पाहायची गरज नाही. (तुम्हाला तर नाहीच नाही.)

तर या विषयाचं शिबिर. जिल्ह्याजिल्ह्यातून संशोधक पोरं-पोरी येणार. ज्या कॉलेजात ठरलं होतं तिथे ऐन वेळी परीक्षा लागल्या, आणि डिंपल म्हणाली, बाबा, आपलं कार्यालय रिकामंच आहे ना. लग्नाच्या तिथी नव्हत्या, मी हो म्हटलं. सायकलला भोंगा बांधून गावोगाव फिरण्यापासून मी धंदा सुरू केला. कार्यक्रम कोणताही असो, आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे आणि लाईट जाता कामा नये, एवढं मला कळतं. जनरेटर कुरकुरायच्या आधी मला ऐकू येतो. पोरं ‘वरपक्ष’ पाटीच्या खोलीत उतरली, पोरी ‘वधूपक्ष’मध्ये, मॅडमना नवरीच्या मेकपची खोली दिली. बिघडलं फक्त जेवणात. आचाऱ्याला वरातीचीच सवय. त्याने दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असा बेत केला, आणि जेवणानंतर संख्याशास्त्राचा तास होता. तुपात बुडवलेली बट्टी खाऊन संख्याशास्त्र ऐकणारा माणूस अजून जन्मायचाय. अख्खं सभागृह घोरत होतं. मॅडमनी आचाऱ्याला उद्यापासून फक्त सॅलड करा म्हणून सांगितलं, तेव्हापासून तो गप्प आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच. मॅडमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांची एक जागा होती. शेवटच्या दिवशी डिंपलने स्वतः एक तास घ्यायचा, मॅडम मागे बसून पाहणार, आणि पसंत पडली तर जागा तिची. पोरगी महिनाभर कपाटाच्या आरशाला जनुकं समजावून सांगत होती. हे मी फोनवर हौसेने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही काय केलंत? ‘पोरगी उभी राहून बोलणार आहे, पाहायला याहून बरा मोका नाही’ म्हणून प्रेमानंदराव जिनिंगवाले, त्यांच्या शालूबाई आणि मुलगा प्रज्वल यांना परस्पर गाडीत घालून धाडलंत! वर बहिणीला बजावलंत, पोरीले कळू देऊ नको. बहिणीनेही न आलेल्या संशोधकांची ओळखपत्रं तिघांच्या गळ्यात अडकवून त्यांना मागे बसवलं. प्रेमानंदरावांच्या वाट्याला कीटकशास्त्र आलं. मी तेव्हा स्टेजमागे होतो, तर तुमच्या भगिनी मंजुळाबाई येऊन मलाच म्हणतात, “बाप्पा, पोरीले पाहाले लोक येऊन राह्यले अन् तुम्ही वायरी गुंडाळून राह्यले!”

तास सुरू झाला. पोरगी छान बोलत होती. मग प्रश्नांची वेळ आली आणि शालूबाईंनी माईक मागितला. म्हणाल्या, “पूर्ण नाव सांग बाई तुझं.” डिंपलने सांगितलं. “जरा त्या पडद्यापर्यंत जाऊन ये बरं.” डिंपलला वाटलं मागे दिसत नाही, ती गेली, ठिपके दाखवून परत आली. “फळ्यावर काही लिही बरं.” लिहिलं. मॅडम मान डोलावत होत्या. त्यांना वाटलं ताई शिकवण्याची कसून परीक्षा घेताहेत. मग प्रेमानंदराव उठले. “हे समदं शिकून पोरगी इकडंच राहीन का बाहेर जाईन?” मॅडमना हा प्रश्न इतका आवडला की हुशार मुलं परदेशी का जातात यावर त्या चहा निवेपर्यंत बोलल्या. प्रेमानंदराव दर वाक्याला “बराबर” म्हणत होते.

इथवर निभावलं असतं. पण शालूबाईंना पोरगी पसंत पडली, आणि त्या पिशवीतून खण-नारळ काढून सरळ स्टेजवर चढल्या. कुंकू लावलं, ओटी भरली. मॅडमना वाटलं इकडे समारोप असाच होतो. त्यांनीही पदर पुढे केला. ते पाहून सगळ्या संशोधक पोरी रांगेत उभ्या! शालूबाईंकडे नारळ एकच. सभागृहात गोंधळ, मंजुळाबाई कोठीघराकडे धावल्या, आणि तेवढ्यात प्रज्वल उभा राहिला. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, माफ करा. आम्ही कीटकवाले नाही. आम्ही पोरगी पाहाले आलो.”

भाऊ, कुणीतरी मॅडमना इंग्रजीत अर्थ सांगितला. माझ्या पोरीने ओटीतला नारळ टेबलावर ठेवला, आपल्या आईकडे एकदा पाहिलं (ते पाहणं तुमच्यासाठीही होतं, राखून ठेवलंय), आणि म्हणाली, “प्रश्न संपले असतील तर पुढचा भाग घेऊ.” आणि तास पुरा केला. आवाज कुठे कापला नाही. माझे कान आहेत, मला कळलं असतं.

संध्याकाळी मॅडमनी जागा दिली. एवढ्या गोंधळात जिचा धागा तुटत नाही तीच मला पाहिजे, असं म्हणाल्या. त्याच संध्याकाळी प्रेमानंदरावांनी पसंती कळवली. आता तुमची बहीण म्हणते आधी साखरपुडा, बंगळूर-बिंगळूर काही नाही. आणि मॅडम म्हणतात मंगळवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. भाऊ, यापुढे माझ्या दारात तुमचं एकही स्थळ नको. लग्न आमच्या पोरीचं आहे, ते आम्ही घरात बसून ठरवू.

आपला (नाइलाजाने),
तुळशीराम

ता.क. : हे सगळं फोनवर का नाही सांगितलं म्हणाल, तर या घरात तीक्ष्ण कान एकट्या माझेच नाहीत.

ता.क. : डिंपल सध्या तुमच्याकडे आहे. म्हणजे साखरपुड्याची साडी घ्यायला मामाकडे खामगावला गेलीय, असं तुमच्या बहिणीला मी सांगितलंय. तिने स्वतः हौसेने बॅग भरून दिली. प्रत्यक्षात पोरीला आज सकाळी जालन्याहून बंगळूरच्या गाडीत बसवलंय. बहिणीचा फोन आला तर पोरगी अंघोळीला गेलीय म्हणा, देवळात गेलीय म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण मंगळवारपर्यंत तग धरा. आणि बुधवारी स्वतः इकडे येऊन बहिणीला खरं काय ते सांगा. ती माझं ऐकत नाही, तुमचंच ऐकते. पाया पडतो, भाऊ.

ता.क. : पत्र घेऊन आलेला मुलगा तुम्ही ओळखालच, तुम्हीच आई-बापासकट गाडीत घालून धाडलेला आहे. डिंपलला स्टेशनवर सोडायला मी कुणाला सांगावं या पंचाईतीत होतो, तर हाच गाडी घेऊन दारात. घरच्यांना मीच समजावतो म्हणतो, दोन वर्षं थांबायलाही तयार आहे म्हणतो. मी म्हटलं, बे पोरा, हे डिंपलला विचारलं का? तर म्हणाला, “नाही काका. तिनं मला जनुकांचं जाळं समजावून सांगितलं, अन् तेवढ्यात गाडी सुटली.” त्याला चहा द्या.