मऊ तारा

प्रिय सूनबाई,

कोर्टाच्या कागदावर तू आता माझी कोणी नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांची हाक या वयात बदलणं मला काही जमत नाही. तेव्हा रागावू नकोस, आणि पत्र फाडायच्या आधी बसून घे. शाळेत आमच्या सिस्टर पत्रलेखन शिकवताना सांगायच्या, की जड मजकूर शेवटी लिहावा, वाचणाऱ्याला आधी खुर्ची द्यावी. मी अजून त्यांचंच ऐकते.

म्हणून आधी गंमत सांगते. तुझी ही सासू वाद्यांच्या दुकानात जाऊन इलेक्ट्रिक डबल बास घेऊन आली. हाही आपल्या जुन्या माणसाएवढ्या बाससारखा उभाच असतो, पण व्हायोलिनसारखं लाकडी पोट त्याला नसतं. नुसता कणा, त्यावर चार तारा, आणि ऐकायला हेडफोन. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भावोजीच आठवले. लग्न होऊन आलीस तेव्हा माझ्या लेकाच्या खोलीत कोपऱ्यात उभा असलेला तो मोठा बास पाहून तू म्हणाली होतीस, की घरात मोठे दीर आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो भावोजीच झाला. केर काढताना तू त्याला म्हणायचीस, भावोजी, जरा पाय उचला. संध्याकाळी तू वर्गाच्या वह्या तपासत बसायचीस, समोर माझा लेक भावोजींवर गज ओढत असायचा, आणि खालच्या मजल्यावरचे काका वैतागून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. तू पायाने उलट ठोकायचीस. मी स्वयंपाकघरात असले तरी तो आवाज मला फरशीतून तळपायाला लागायचा. नव्या बासचं तसं नाही. तो वाजत असला तरी फरशी थंडच असते. आणि दिसायला तर तो म्हणजे मोठ्या दुखण्यातून उठलेले भावोजी, नुसती हाडं.

दुकानदार केस बांधलेला, लेकाच्याच वयाचा. मावशी, नातवासाठी का, म्हणाला, आणि बोटांनी तारा छेडून दाखवू लागला. मी छत्रीच्या कव्हरातून गज काढला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला वाजवता येत नाही, पण लेकाने घरून धडा पक्का करून घेतला होता. दुकानदाराने दाखवलेल्या पहिल्या बासची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, जवळजवळ सपाट होती. मधल्या तारेवर गज ठेवला की शेजारणीही ओरडायच्या. बोटांनी वाजवणाऱ्याला ते चालतं, गजाला मात्र घोडीची पाठ कमानदार लागते. दुसऱ्याची घोडी बरी होती, पण तारा कडक. ओल्या फरशीवरून चप्पल सरकावी तसा गज सरकला. गजाच्या केसांना राळ आणखी घासली, तरी तेच. दुकानदार म्हणाला, या छेडायच्या तारा आहेत मावशी, गजासाठी वेगळ्या येतात, मऊ, कमी ताणाच्या. म्हटलं, त्यातल्या सगळ्यात मऊ द्या. तो म्हणाला, सगळ्यात मऊ सहसा कोणी नेत नाही, आवाजाला दम राहत नाही, वाजवणाऱ्याच्या हातात जोर कमी आहे का? मी म्हटलं, बिल करा.

तिसरा घेतला, त्यावर त्या मऊ तारा चढवून. तो तिपाईवर आपला आपण उभा राहतो, बसल्या माणसाच्या हाताशी येईल इतका खाली करता येतो, त्याला कोणी कवेत धरावं लागत नाही. आणि त्याला हेडफोनची दोन भोकं आहेत. ही अट लेकाचीच होती. का रे, म्हणून विचारलं, तर असू दे, एवढंच म्हणाला.

तू विचारशील, तो स्वतः का नाही गेला दुकानात? आणि भावोजी असताना हे दुसरं कशाला? भावोजींना वाजवायचं तर उभं राहावं लागतं, नाहीतर उंच स्टुलावर बसावं लागतं. चाकांच्या खुर्चीतून त्यांच्या खांद्यापर्यंत हात पोचत नाही. ते आता भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. त्यानेच मला तसं फिरवायला लावलं.

हो, चाकांची खुर्ची. तू इथे होतीस तेव्हा तो जिन्यात पडायचा, आणि तू बुटांना दोष देऊन बूट फेकून दिलेस. बुटांचा काही दोष नव्हता. स्नायूंचं दुखणं आहे, पायांपासून वर चढत जातं. हे मागे फिरत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला फार हळू आवाजात सांगितलं. त्याला ते तू घर सोडायच्या आधीच कळलं होतं. मला कळलं तू गेल्यावर, न्हाणीघरात पडला तेव्हा. माझं तिच्यावर मन आहे म्हणून त्याने तुला ऑर्केस्ट्रातल्या ज्या व्हायोलिनवालीचं नाव सांगितलं होतं, ती मध्यंतरी त्याला पाहायला आली होती, नवऱ्याला आणि मुलीला घेऊन. तिच्या कानावर यातलं काहीच नव्हतं. तू कशी आहेस, म्हणून तिने मलाच विचारलं. त्या दिवशी मला सगळं उमगलं. तुला कळवायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली.

बास आला तेव्हा चारही तारा बोलत होत्या. डाव्या हाताने तार दाबण्याइतका जोर नाही, म्हणून मोकळ्या तारांवरच तो लांब लांब गज ओढायचा. गज सुटू नये म्हणून मी मनगटाला पट्टा शिवून दिला. जाड तारेला सगळ्यात जास्त जोर लागतो. ती आधी मुकी झाली. मग तिच्या शेजारची. आता गज तिकडे वळतच नाही. मला ऐकू येते ती फक्त गजाच्या केसांची खरखर. मला ऐकव ना, म्हटलं, तर म्हणतो, आई, तू नको. बोलणंही जड झालंय त्याचं, शब्द जपून वापरतो.

तू वह्या तपासायला बसायचीस ती खुर्ची मी केर काढताना बाजूला केली होती. त्याने ती परत होती तिथेच ठेवायला लावली, बासच्या समोर. काल त्याच दुकानात जाऊन मी दुसरा हेडफोन आणला. त्याला दाखवलेला नाही. घातलेली शपथ मी मोडते आहे, त्याचं काय व्हायचं ते होऊ दे. तू ये. तो तोंड फिरवेल, कदाचित लागेल असं बोलेलही. बोलू दे, फार वेळ बोलवत नाही त्याला. तू वाद घालू नकोस. वह्या घेऊन ये, त्या खुर्चीत बस आणि हेडफोन कानाला लाव. दार मी लोटून ठेवते. दोन तारा आहेत अजून, पण त्यातली जाड कालपासून अडखळते आहे.

कागद काहीही म्हणोत, तुझीच,
सासू