अकराचा तास कुठे तुटतो

सोमवार, ४ मार्च

आज तिसऱ्यांदा तुटलं. अकरा वाजून बारा मिनिटांनी. टॅबवर बाई ह्यांच्याकडून ‘दार’ म्हणवून घेत होत्या. ह्यांनी तोंड उघडलं, मी छापलेलं पान घ्यायला वळले — आणि पडदा काळा. पुन्हा जोडेपर्यंत तास संपला.

बाई म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या. ह्यांना झटका येऊन तीन महिने झाले. उजवा हात आणि जीभ, दोन्ही रुसून बसलेत. या बाईंकडे वेळ मिळायलाच पाच आठवडे गेले. आज त्या नरमाईनं बोलल्या, पण स्पष्ट बोलल्या: आठवडाभर असंच चाललं तर ही वेळ रांगेतल्या पुढच्या पेशंटला द्यावी लागेल.

द्यावी लागणार नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. चार दिवे लुकलुकणाऱ्या डबीपुढे हात टेकायची नाही.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी इंटरनेट कंपनीला फोन केला. बंद करून चालू करा, म्हणाला. केलंय, म्हटलं. पुन्हा करा, म्हणाला. ठेवला फोन.

राउटर लोखंडी कपाटामागे दडवलेला होता. कुणाची अक्कल कोण जाणे — बहुतेक माझीच. काढून पॅसेजमधल्या फळीवर ठेवला. ह्यांच्या खोलीत सिग्नलच्या दोन काड्या होत्या, त्या चार झाल्या. ऐटीत बसले अकराला.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी, मी पानं छापायला उठले तेवढ्यात, तुटलं.

म्हणजे दोष सिग्नलचा नाही. असू दे, एक कारण तरी गळालं.

बुधवार, ६ मार्च

सापडलं!

आज बाईंना सुट्टी, सगळी सकाळ माझी. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले आणि घरातली सगळी यंत्रं कागदावर उतरवली. टॅब, दोघांचे फोन, टीव्ही, प्रिंटर. प्रत्येकाला राउटरनं दिलेला एक नंबर असतो, घरनंबरासारखा. टॅबच्या नंबराचा शेवट चौदा. प्रिंटरच्याही नंबराचा शेवट चौदा. एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं — पोस्टमननं टपाल द्यायचं कुणाला? जावयांनी मागे कधीतरी प्रिंटरला तो नंबर हातानं भरून ठेवलेला.

आणि प्रिंटर चालू कधी होतो? बाई सरावाची पानं पाठवतात तेव्हा. ऐन तासात. छापायला उठणारी मी, म्हणजे तास तोडणारीही मीच! हसत हसत ह्यांना सांगायला गेले. ते “प... प...” करत होते. “हो, प्रिंटरच,” म्हटलं आणि लागले कामाला.

प्रिंटरचा नंबर बदलून बावन्न केला, टॅबचा चौदा पक्का करून टाकला. मग लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि मुद्दाम प्रिंटरवर वीस पानं सोडली. अर्धा तास बोललो, एकदाही अडखळलं नाही. लेक म्हणाली, तू आता कंपनीच काढ.

गुरुवार, ७ मार्च

तुटलं. अकरा वीसला. प्रिंटरचं तर बटणही बंद होतं.

मी ह्यांच्या शेजारीच बसले होते. सकाळी काय खाल्लं, असं बाईंनी विचारलं. ह्यांना शब्द सुचेना. माणसाला किती ताटकळत ठेवायचं? मीच सांगून टाकलं. नंतरच्या दोन प्रश्नांचंही तेच. मग ह्यांच्यासाठी पाणी आणायला उठले, परत येते तर पडदा काळा.

दुपारी राउटरची नोंद ओळीनं ओळ वाचली. टॅब एक सेकंदही सुटलेला नाही. मग टॅबमधली कॉलची यादी उघडली. तिथे सरळ लिहिलंय — याच टॅबवरून कॉल बंद केला.

खोलीत ह्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. डावा हात चांगला चालतो ह्यांचा.

विचारावं की नाही? आज नाही विचारलं.

शुक्रवार, ८ मार्च

चहा झाल्यावर विचारलं, तास तुम्हीच बंद केलात का? ह्यांनी मान डोलावली. बाई आवडत नाहीत? मानेनंच, तसं नाही. दमता का? तेही नाही. मी खुर्ची ह्यांच्यासमोर ओढून घेतली. ह्यांचे ओठ हलत होते. दोनदा शब्द माझ्या जिभेवर आला, गिळला.

“तू... बा... बाहेर... बस.”

झटक्यानंतरचं ह्यांचं पहिलं अख्खं वाक्य.

अकराला मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. पंचेचाळीस मिनिटं. एकदाही तुटलं नाही.