खालच्या दोन वायरींचा धागा

दादा,

शनिवारी शाळा लवकर सुटायची आणि मी घरी न जाता तशीच पळस्प्याला तुमच्या गॅरेजवर यायचे. तुम्ही बाकावर वर्तमानपत्र पसरायचात, आईने दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी अर्धी अर्धी करायचात, आणि जेवण झालं की शेजारच्या चाचांच्या गाडीचं बॉनेट उघडायचात. चाचा कुवेतला नोकरीला होते. तिकडून त्यांनी ती गाडी बोटीने आणली होती. तिच्या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नव्हतेच, दोन जाड तिकोनी रोटर गोल फिरायचे, आणि पनवेलमध्ये तिला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं. रबराच्या नळीचं एक टोक तुम्ही इंजिनावरून हळूहळू फिरवता आहात, दुसरं माझ्या कानात आहे. "बाय, काय आयकू येतंय?" फुसफुस, मी म्हणते. "कुठं जास्ती? हितं का हितं?" मला तो खेळ वाटायचा. पत्रे ठोकून ठोकून तुमचे कान गेले होते आणि गिऱ्हाइकांना ते कळू द्यायचं नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं. तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

आता गॅरेजची जागा विकली आहे. महिनाअखेर रिकामी करून द्यायची. दोन कपाटं आवरली तरी मी थकून बसते. तुमच्यामागोमाग चाचाही गेले, गाडी त्यांच्या मुलीची झाली, उभी मात्र आपल्या गॅरेजातच. आठवते ना, कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाकावर बसायची ती? खारघरला असते, रिटायर झाली. तिच्या भावांनी कुवेतहून सांगितलं, भंगारात देऊन टाक. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्या सांभाळतात, ते अख्खी न्यायला तयार होते, पण इंजिन जिवंत असेल तरच. खारघरच्या मेकॅनिकने सगळ्या वायरी बदलल्या, कार्बोरेटरचे स्क्रू पिळले, आणि इंजिन गेलं म्हणून सांगितलं. सुरू व्हायची, पण उभ्या जागी हीव भरल्यासारखी थडथडायची, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की सायलेन्सरमधून असा बार काढायची की समोरच्या चहाच्या टपरीखालची कुत्री पळायची. भंगारवाला शुक्रवारी येणार होता. चाचांची मुलगी फोनवर म्हणाली, "तू एकदा बघ. तू मेली म्हणालीस तर मी वाद घालणार नाही."

दादा, तुमच्या लेकीचं वय झालं आहे. गुडघे वाकत नाहीत. तरी गॅरेजवर गेले. आदी श्वास, मंग ठिणगी, पेट्रोल शेवटी, असं तुम्ही म्हणायचात, आणि जगातला प्रत्येक मेकॅनिक शेवटापासून सुरुवात करतो म्हणून हसायचात. मेकॅनिकही आला होता, चाळिशीचा, नम्र माणूस. त्याला खालचे प्लग काढायला लावले, मैत्रिणीला किल्ली फिरवायला बसवलं, आणि एकेका भोकापाशी तळहात धरला. फुस्, फुस्, फुस्. रोटरच्या तीन बाजूंचे तीन श्वास, तीनही सारखे. दुसऱ्या रोटरचेही सारखे. रोटरची एखादी कड झिजली असती तर तिनातले दोन श्वास पोकळ लागले असते. मी म्हटलं, मेलेली नाही. मैत्रीण स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली.

मग ठिणगी. प्रत्येक रोटरला दोन प्लग, खालचा आधी पेटतो, वरचा क्षणभर मागून. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरची अक्षरं तर आमच्या लहानपणीच पुसली होती, म्हणून तुम्ही खालच्या दोन वायरींना आणि त्यांच्या टोपीवरच्या खुंटांना लाल धागा बांधून ठेवला होता. आता पाहते तर चारही वायरींना धागा, चारही खुंटांना धागा, छान गाठी मारलेला. मेकॅनिक जरा अवघडून म्हणाला, "मॅडम, पूजेचा धागा जुना झाला होता, आणि दोघींनाच होता. मी दसऱ्याला पूजा करून चौघींना नवीन बांधला. दोघींना द्यायचा, दोघींना नाही, बरं दिसतं का?" मैत्रीण गाडीतूनच म्हणाली, "या अल्लाह. याने तर सगळ्यांचा नवस फेडून टाकला." किती दिवसांनी हसले मी. तोही हसला, पण कानाची पाळी धरून. खुणा गेल्यावर अंदाजाने वायरी लावल्या होत्या, वरच्या खाली आणि खालच्या वर. ठिणगी उशिरा पडायची, अर्धं पेट्रोल न जळता बाहेर जायचं आणि सायलेन्सरमध्ये पेटायचं. अदलाबदल केली, स्क्रू मूळ जागी आणले, बार थांबले.

थडथड राहिलीच. तुमची रबराची नळी अजून भिंतीवरच्या खिळ्यालाच होती. कानाला लावली आणि काहीच कळेना. माझा डावा कान गेला आहे, उजवाही तसाच चालला आहे, घरी अजून सांगितलेलं नाही. मी नळी मैत्रिणीच्या ओढणीखालून तिच्या कानात सारली आणि कार्बोरेटरभोवती दुसरं टोक फिरवत विचारलं, काय ऐकू येतंय? ती डोळे मिटून म्हणाली, "कुणीतरी दातांतून श्वास ओढतंय. इथे. नाही, मागे, खालच्या कोपऱ्यात." कार्बोरेटरखालचं पॅकिंग तडकलं होतं, तिथून फुकटची हवा आत जात होती. मेकॅनिकने नवीन पॅकिंग कापून बसवलं. त्यानंतर मडगार्डवर ठेवलेल्या चहावरची साय हलली नाही.

सगळे खूश होते. मी बाहेर जाऊन उभी राहिले. तिथे सांगण्यासारखं नव्हतं, तुम्हाला सांगते. भोकापाशी हात धरून श्वास मोजताना मला मनातून वाटत होतं, एक तरी पोकळ लागू दे. मेली असती तर तुमच्याबरोबरच ती संपली असती आणि मी आवरून मोकळी झाले असते. आता ती कुठेतरी चालत राहणार, आणि मी इथे नसलेल्या गॅरेजची काळजी करत.

गाडी गुरुवारी पुण्याला जाईल. पाने, पुलर अशी तुमची हत्यारं मेकॅनिकला द्यायची, तो नीट वापरेल. नळी चाचांच्या मुलीला, तिने मागून घेतली आहे. भाकरी खायचो तो बाक टपरीवाल्याला, त्याच्याकडे बसायला काही नाही. तुमचा खाकी शर्ट कुणालाही द्यायचा नाही. मी तो अजून धुतलेला नाही.