तापीबाईंचा आवाज पुण्यास गेला त्याची हकिकत

मु. लोणखेडा, ता. शहादे,
फाल्गुन वद्य सप्तमी

तीर्थरूप मामासाहेब झिपरू पाटील, मु. प्रकाशे, यांचे चरणी जावई रूपचंदचा दंडवत. आपला गुडघा थंडीत धरला होता तो होळीच्या उन्हाने सुटला असेल. मामींचा खोकला, आपला तांबडा बैल आणि घरातील सर्व (सर्व म्हणजे सर्वच) खुशाल असतील, अशी आशा आहे. आमच्याकडे कापूस निघाला, मिरच्या वाळत आहेत.

पत्रास कारण, आपण मागे म्हणाला होता की कॉलेजातले प्रोफेसर नुसता पगार खातात, त्यांच्या संशोधनाने समाजाला काडीचा उपयोग नाही. मामासाहेब, आपण वडील आहात, पण या बाबतीत आपला पुरता पराभव झाला आहे.

झाले असे की पुण्याच्या एका कॉलेजातले गद्रे नावाचे प्रोफेसर आमच्याकडे उतरले. त्यांचा विषय भाषा. माणसे बोलतात कशी, हे शोधण्यासाठी हा गृहस्थ रेल्वे आणि बैलगाडीतून हाडे खिळखिळी करून खानदेशात आला. (आमच्या धुडकूकाकांनी विचारले, ‘पुन्याले मानसे बोलतस नही का?’) सोबत फोनोग्राफ नावाचे यंत्र होते. त्याच्या भोंग्यात बोलले की आवाज मेणाच्या नळीवर कोरला जातो आणि मागाहून तेच यंत्र तो जसाच्या तसा बोलून दाखवते. प्रोफेसरांना दळणाच्या ओव्या हव्या होत्या, आणि गावाने एकमुखाने आमच्या आईचे, तापीबाईंचे, नाव सांगितले. आईने आधी भोंग्याला हळदकुंकू लावले, मग नवे लुगडे नेसून पाटावर बसली. एक ओवी उत्तम झाली. दुसरीच्या मध्यावर आमची म्हैस दावे तोडून अंगणातल्या मिरच्यांत शिरली. आई बसल्या जागेवरूनच कडाडली, ‘कोकिळाऽ! म्हैस मिरच्यास्मा घुसनी, डोया फुटनात का तुन्हा?’ आता आपली लेक कोकिळा दिवाळीला माहेरी गेली ती अजून तिकडेच आहे, हे आईलाही ठाऊक होते. पण जिभेला सवय. तिथून पुढे नळी संपेपर्यंत आईने जे काढले त्यात आपले प्रकाशे गावही येऊन गेले. मी यंत्र बंद करा म्हणून खुणा करत होतो, आणि प्रोफेसर एका हाताने मला गप्प करून आनंदाने डोलत होते. (असे अस्सल बोलणे कोणत्याच व्याकरणात नाही, असे ते नंतर म्हणाले. ते खरेच असावे.)

संध्याकाळी पारावर सारे गाव जमले. आई पुढे बसली, ओवी ऐकायला. पण प्रोफेसरांनी ओवी संपताच यंत्र थांबवले नाही. भोंग्यातून ती गर्जना सुटली आणि बायाबापड्यांनी पदर तोंडाला लावले. आपलाच आवाज बाहेरून आला की माणसाला ओळखू येत नाही म्हणतात. आई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग शेजारच्या भिकुबाईंकडे वळून म्हणाली, ‘हाई कोन बाई शे वं? कितली बोंबली ऱ्हायनी! हिना घरमा सून कशी टिकी?’

तेवढ्यात भोंग्यात म्हैस हंबरली. आपली म्हैस आईने तात्काळ ओळखली. मामासाहेब, तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ती उठली आणि तडक घरी गेली. रात्री जेवली नाही. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा हळूच विचारले, ‘मी रोज असंच बोलस का रे?’ मी म्हणालो, ‘नाही आई. प्रोफेसरांची नळी लहान होती.’ ती रडता रडता हसली आणि मला एक चापट मारली.

त्या दिवसापासून आमच्या घरी चिमण्यांचा आवाज ऐकू येतो. प्रोफेसर आभार मानून नळ्या घेऊन गेले. तिकडे त्यांचे विद्यार्थी आईचा आवाज पाटीपेन्सिल घेऊन ऐकणार आहेत. हे आईला कळल्यापासून तिची मान ताठ आहे. भिकुबाईंना ती रोज सांगते की पुण्याच्या पोरांना मीच शिकवते, फक्त जावे लागत नाही. आईची जीभ आवरण्याचे जे काम आपल्या सात बैठकींना, माझ्या विनवण्यांना आणि दोन नवसांना जमले नाही, ते एका प्रोफेसराने मेणाच्या नळीत करून दाखवले. आता सांगा, समाजाला उपयोग झाला की नाही?

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.

आपला,
रूपचंद

ता. क. कोकिळेला पाठवावे. मी रविवारी गाडी घेऊन येतो. ‘आता आखाजीनंतरच’ असे आपण म्हणाल, पण आखाजीच्या सणाला लेक माहेरी यायची तर आधी ती सासरी असावी लागते. तिला सांगावे की मला करमत नाही. (हे वाक्य मामींना वाचून दाखवू नये.)

ता. क. दुसरा. आईने पत्र मोठ्याने वाचायला लावले. ती सांगते ते जसेच्या तसे लिहितो: ‘व्याहीले लिख, मी आते पोरले वाकडा सबद बोलनार नही. पन रविवारले तिले धाडं नही ना, तं मी सोता प्रकाशाले येसू. आनि तठे माले भोंगा लागनार नही.’