रेडिएशन संपलं की अनारसे

२९ सप्टेंबर, सोमवार
आणि वर दवाखान्यातले मलाच विचारतात, थकवा येतो का. छातीतली गाठ काढली, आता रोज त्या कडक फळीवर हात डोक्यावर घेऊन झोपवतात, हलू नको म्हणतात. मग थकणार नाही तर काय? रेडिएशनचा काही संबंध नाही, ते लागतसुद्धा नाही. थकवतो तो कारचा प्रवास. नवरा माझा, गिरीश, इथे आयर्लंडात लिमरिकच्या प्रत्येक राउंडअबाउटला कचकन ब्रेक मारतो. चांगलं सुनावलं. हल्ली भांडतही नाही.

१ ऑक्टोबर
इथल्या मराठी मंडळाच्या विद्याचा फोन. दिवाळीचा कार्यक्रम अठराला. म्हणे, काकू, यंदा अनारसे डब्लिनहून मागवू, तुम्ही आराम करा. म्हटलं, मेले नाहीये अजून. तिथल्या सगळ्या बायका इंजिनिअर, मी सातवी नापास. मला एरवी कोण विचारतं? अनारशांपुरतं विचारतात, तेही सोडू?

२ ऑक्टोबर
तांदूळ भिजवले. तीन दिवस रोज पाणी बदलायचं. त्यात काय अवघड.

५ ऑक्टोबर, रविवार
तांदूळ नासले. घरभर वास. पाणी बदलायला विसरले नव्हते, झोपले होते. शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून झोप जास्त. म्हणजे आरामानेच माणूस थकतं. उद्यापासून दुपारी आडवं व्हायचं नाही. लेक रेवती नाक दाबून म्हणाली, "मॅम, यू आर रेक्ड." म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, आई, तू पार थकलीयेस. मी म्हटलं, आईशी मराठीत बोल. तर रडायलाच लागली.

७ ऑक्टोबर
परत भिजवले. पाणी रेवती बदलणार, मी नुसती लक्ष ठेवणार. दुपारी आडवी झाले, पण डोळे उघडे ठेवून. उठले तर संध्याकाळ.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
शेवटचं रेडिएशन. सुटले. नर्स म्हणाली, थकवा अजून एक-दोन आठवडे वाढेल, मग हळूहळू उतरेल, महिनेही लागतात. गिरीशला म्हटलं, तुला तिचं इंग्रजी कळलं नाही. मशीन बंद म्हणजे थकवा बंद. तांदूळ हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या खालच्या फळीवर पसरलेत. इथे ऊन कुठून आणू?

११ ऑक्टोबर
पीठ झालं. गूळ घालून गिरीशने मळलं. मी खुर्चीवरून ओरडले. म्हणजे माझंच झालं.

१५ ऑक्टोबर, बुधवार
तळायला उभी राहिले. पहिला खसखशीवर थापला, तुपात सोडला. दुसरा थापताना ओटा धरला. मग तिथेच खाली बसले. गिरीशने हॉब बंद केला, तोवर अनारसा काळा. म्हटलं, तूप जास्त तापलं होतं. तो म्हणाला, "स्नेहा, बास आता. विद्याला बोलावतो."
मी नको म्हणाले नाही.

१६ ऑक्टोबर
विद्या पिठाचा गोळा घेऊन गेली. सगळं समजावलं. आच मंद, जाळी वर, उलटायचा नाही. सांगता सांगता माझाच डोळा लागला. कितपत ऐकलं तिने, कोण जाणे.

२० ऑक्टोबर, सोमवार
कार्यक्रमाला गेले नाही. विद्याने डबा पाठवला. अनारसे चांगले झालेत. खोट काढायला एक पूर्ण खाल्ला, सापडली नाही.
आज पहिली आंघोळ. न्हाणीत रेवतीने धरलं. बाहेर येऊन केस विंचरायला गेले तर हात खांद्याच्या वर जाईना. पलंगावर बसून राहिले, पाठीवर पाणी गळत. पणत्या गिरीशने लावल्या.
त्याला सांगितलंय, दवाखान्यात फोन कर. बरी कधी होणार ते विचारू नकोस. आंघोळ करून, केस विंचरून, आपल्या पायांनी दारापर्यंत जाईन का, आणि कधी, एवढंच विचार. शुक्रवारी नर्सचे ते दोन आठवडे संपतात, तोपर्यंत मला उत्तर पाहिजे.